पाय (π) बंध हातात धरून बघायचा असेल तर: ऑर्बिटल मॉडेल किट

अकरावीला केमिस्ट्री शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे किट घ्यावं. सांगलीत विश्रामबागला माझ्या घरीच शिकवण्या असतात. हे किट मी कॉलेज कॉर्नरजवळच्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून मागवून घेतलं, साडेनऊशे रुपयांना.

आपल्याकडे शाळा-कॉलेजांत जे गोळे-काड्यांचं किट असतं, त्यात दुहेरी बंध दाखवायला दोन स्प्रिंगा वाकवून लावतात. दोन्ही हुबेहूब सारख्या! खरं तर दुहेरी बंधात एक सिग्मा (σ) असतो, अणूंना समोरासमोर जोडणारा, आणि एक पाय, बाजूबाजूने जोडणारा. मग मुलं विचारतात, "मॅडम, यातला सिग्मा कुठला आणि पाय कुठला?" उत्तर देणार काय? जो फरक शिकवायचा, तोच ते मॉडेल पुसून टाकतं.

या किटमध्ये कार्बनच्या गोळ्याला एकाच पातळीत १२० अंशांवर तीन भोकं आहेत. त्यांत सरळ नळ्या बसतात, त्या सिग्मा. त्या पातळीला काटकोनात वर निळा आणि खाली लाल असे दोन लोब (फुगीर पाकळ्या), ते पी ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे सापडतात तो भाग. लोबना दोन्ही बाजूंनी कड्या आहेत. निळ्याला निळा आणि लालला लालच अडकतो. उलट लावायला गेलं तर कडी बसतच नाही. फेज (लोबचं चिन्ह, इथे रंग) जुळल्याशिवाय बंध नाही, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

खरी गंमत फिरवण्यात आहे. आधी लोब न अडकवता एक कार्बन फिरवायला सांगते. नळीवर तो गरगर फिरतो. मग लोब अडकवून फिरवायला सांगते. हलत नाही. जोर केला तर कड्या सुटतात, म्हणजे पाय बंध तुटला. सिस (टोकाचे गट एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) ब्युट-२-ईन हे दोन वेगळे पदार्थ का, एक ३.७ अंश सेल्सिअसला आणि दुसरा ०.९ ला का उकळतो, हे मग पाठ करावं लागत नाही. एकेरी कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण ३४८ किलोज्यूल लागतात, दुहेरीला साधारण ६१०. दुप्पट नाही, कारण ऑर्बिटलचा बाजूबाजूने होणारा ओव्हरलॅप (एकमेकांवर येणं) समोरासमोरच्यापेक्षा कमजोर असतो. म्हणूनच ब्रोमीन ईथीनच्या पाय बंधावरच येऊन पडतं.

आता खटकलेलं. वरची कडी वेगळी आणि खालची वेगळी, त्यामुळे मुलं हमखास दोन पाय बंध मोजतात. वरचा आणि खालचा भाग मिळून एकच पाय बंध, त्यात इलेक्ट्रॉनही दोनच. हे पहिल्याच तासाला ठासून सांगा, नाहीतर ईथीनमध्ये पाच सिग्मा आणि दोन पाय असं उत्तर परीक्षेत येतं. कड्यांचं प्लास्टिकही पातळ आहे. माझी एक तुटली आणि सुटी कडी मिळत नाही म्हणाले.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे लोब लावता येणारे कार्बन चारच. बेंझीन होत नाही, त्यासाठी दोन डबे घ्यावे लागतात. ब्युटाडाईन मात्र सुरेख होतं. चारही पी ऑर्बिटल ओळीने एकमेकांना लागून उभे राहतात आणि पाय इलेक्ट्रॉन एका जोडीपुरते अडकून राहत नाहीत, हे डोळ्यांना दिसतं. तिथून मी थेट हळदीवर येते. सांगलीच्या पोरांना मार्केट यार्डातली हळद काय सांगायची! २०१८ मध्ये तिला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, हेही त्यांना माहीत असतं. पण ती पिवळी का? कर्क्युमिनच्या रेणूत अशीच एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. तिच्यातले पसरलेले पाय इलेक्ट्रॉन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. नुसत्या सिग्मा बंधांच्या मेणाला किंवा साखरेला असा रंग नसतो.

शिकवणीसाठी घेत असाल तर दोन डबे एकदमच मागवा. निम्मे पैसे आगाऊ घेतात, माल आठवडाभरात येतो. डबा दुकानातच उघडून प्रत्येक कडी लावून बघा.