मैत्रिणीच्या फोनवर विसंबून मी इंदूरला आले

बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या गावात बाईला काम म्हणजे केळीची बाग, तेही रोज मिळेल असं नाही. बीए होऊन दोन वर्षं मी घरीच होते. म्हणून शाळेतल्या मैत्रिणीचा इंदूरहून फोन आला तेव्हा मी खोदून काही विचारलं नाही. पॅकिंगचं काम, महिना १४,००० रुपये, राहणं-जेवण कंपनीचं. "दोनच जागा आहेत, सोमवारपर्यंत ये. ओरिजिनल मार्कशीट आण, साहित्याचे १८,५०० आण, ते पगारातून परत मिळतात." आईने बचत गटातून कर्ज उचललं. मोरटक्क्याच्या पुलावरून मी नर्मदेत नाणं टाकलं.

भंवरकुआँला ती घ्यायला आली. खोलीत आम्ही अकरा जणी, सगळ्या गावाकडच्या. फोन 'ट्रेनिंग संपेपर्यंत' सीनियरकडे. किराणा आणायला जायचं तरी कुणीतरी सोबत असायचंच. मला वाटायचं, शहर नवीन आहे, काळजी घेतात बिचाऱ्या.

पॅकिंग कुठेच नव्हतं. पैसे भरल्यावर ड्रेसचं कापड आणि एक घड्याळ हातात ठेवलं. पावतीवर लिहिलेलं 'साहित्य खरेदी', फॉर्मवर 'मी स्वखुशीने'. मी न वाचता सही केली होती. पुढे तोच कागद दाखवून ते पोलिसांना म्हणाले, मुलीने माल विकत घेतलाय.

मग एक वही दिली. शंभर नावं लिही. नुसती नावं नाहीत. कुणाचे वडील गेले, कुणाचं लग्न मोडलं, कोण नापास झालं, कुणाच्या घरी भांडणं आहेत, तेही नावासमोर लिहायचं. अडलेली मुलगी लवकर येते, हे त्यांना पक्कं ठाऊक. मैत्रिणीच्या वहीत माझ्या नावासमोर काय लिहिलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

मी मावसबहिणीला फोन लावला. स्पीकरवर, सीनियर शेजारी बसलेली. "ताई, खरंच काम आहे ना गं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. माझे पैसे बुडाले ते एक वेळ विसरेन, हे नाही विसरता येत.

ती ९,००० घेऊन आली आणि तिसऱ्या दिवशी रडायला लागली. जिन्यात आमचं मराठी ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "कुठल्या गं पोरींनो तुम्ही?" त्यांच्याच फोनवरून महिला हेल्पलाइनचा १८१ लावला. मार्कशीट परत मिळाल्या. पैसे नाही.

माणसं जोडल्याचेच पैसे मिळत असतील तर ती नोकरी नाही. अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही. कामाला लावण्यासाठी कुणी पैसे मागितले की तिथेच थांबा. ओरिजिनल कागद कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावा, उशीर केला की ते पुढच्या खात्यात सरकतात. बाईला, तिची कमाई कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. मला हे फार उशिरा कळलं. आणि बोलावणाऱ्या मैत्रिणीला सांगा, एकटी असशील तेव्हा बाहेरून फोन कर. ती टाळत असेल तर बस पकडू नका.

मी परत गेले नाही. इंदूरने माझं काही वाईट केलं नव्हतं. आता रामबागेत शिलाईच्या कामाला आहे, हप्त्याहप्त्याने मावसबहिणीचे पैसे फेडतेय. मैत्रीण अजून त्याच धंद्यात आहे. गावी गेले की तिची आई विचारते, "आमची पोर तिकडे बरी आहे ना गं?" मी त्यांना सगळं सांगितलंय. पण पोरगी महिन्याला दोन हजार पाठवते, मग काम खोटं कसं असेल, असं त्या म्हणतात. ते दोन हजार कुणाच्या आईने कर्ज काढून दिलेले असतात, हे मी अजून त्यांना पटवू शकलेले नाही.