ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: जुन्या गाडीचं मिसिंग शोधताना आलेला काही महिन्यांचा अनुभव

गाडी २०१४ ची, पेट्रोल, तीन सिलिंडरची. गावात ठीक चालायची, पण पन्हाळ्याला निघालो आणि वाघबीळचा चढ लागला की हिसके सुरू. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी पिकअप नाही. एक म्हणाला प्लग, दुसरा म्हणाला फ्युएल पंप, तिसरा इंजिनच खोलायला निघाला. अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नव्हतं, म्हणून ईएलएम ३२७ प्रकारचा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घेतला. तो गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा, मग गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड फोनवर दिसतात.

घेण्याआधी गाडीचं साल बघा. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, म्हणजेच मिसिंग) ओळखणं त्यातच आलं. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचा सॉकेट असला तरी मिसफायरचा कोड मिळेलच असं नाही.

माझ्या गाडीत कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. कोणता पार्ट गेलाय ते कोड सांगत नाही. मला जास्त उपयोगी पडली ती फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद: इंजिन गरम, लोड (इंजिनवरचा भार) ८० टक्क्यांच्या वर. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि प्लगला ते व्होल्टेज देणारी कॉइल कमजोर असली तर नेमकी तिथे हात टेकते. म्हणून आधी नोंद फोनवर जपून ठेवा, मगच कोड पुसा. पुसला की ही माहितीही जाते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना नोंद दाखवली. ते म्हणाले, “साहेब, दोनची कॉइल तीनवर टाकूया की. मग चढावर जाऊन या.” आलो तर कोड पी०३०३! कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. कोड दोनवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडर हवा किती दाबतो ते) तपासावं लागलं असतं. कॉइल बदलली, सोबत तिन्ही प्लगही, कारण झिजलेल्या प्लगचा गॅप वाढतो आणि नव्या कॉइलवर ताण येतो. चढ आता तिसऱ्या गिअरमध्ये निघतो.

पुढे गाडी आयडलला, म्हणजे उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवलं की, थरथरू लागली. फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, बघितला: आयडलला अधिक १८, अडीच हजार आरपीएमला जेमतेम ४. असा फरक दिसला की बाहेरून हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. व्हॅक्यूमचा एक पाइप चिरलेला निघाला. उलट, लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला असता तर पंप किंवा फिल्टरकडे बघितलं असतं.

त्रासही आहेत. ब्लूटूथ मधूनच तुटतं. एकावेळी बरेच आकडे मागितले की सगळेच रेंगाळतात, म्हणून चार-पाचच ठेवा. जुन्या ब्लूटूथचा स्कॅनर आयफोनला चालत नाही, त्यासाठी वायफायचा किंवा बीएलईचा (कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथचा) घ्यावा लागतो. सॉकेटमध्ये लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही तो बॅटरी खातो. आणि चालवताना स्क्रीनकडे बघू नका, ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावा आणि घरी येऊन वाचा.

माझ्या गाडीत इंधनाचा दाब आणि कॉम्प्रेशन यात दिसत नाही, तिथे मिस्त्रींचा गेजच लागतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे मिसिंग जोरात असलं, तर मात्र स्कॅनर शोधत बसू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो जळतो, आणि त्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो.