माडीच्या सागवानी जमिनीचे तेरा महिने: एका खोलीत पीयू, दुसरीत तेल

आमचं घर आंजर्ल्याला, समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात माडीवरची कौलं उडाली आणि पाऊस थेट तक्तपोशीवर, म्हणजे माडीच्या फळ्यांच्या जमिनीवर पडला. कौलं लगेच घातली, पण जमिनीसाठी पैसे जमायला गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत वाट पाहिली. जुन्या सागवानी फळ्यांतल्या धड निघाल्या त्या खिळे उपसून, रंधा मारून पुन्हा बसवल्या. खोल्या दोन, प्रत्येकी साधारण १७० चौरस फूट. सुतारदादा म्हणाले, "पीयू मारा वहिनी, आरसा होईल." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर चकचकीत पापुद्रा धरणारं पॉलिश. मला तेल हवं होतं. भांडण नको म्हणून दर्शनी खोलीत पीयू आणि आतल्या खोलीत तेल-मेणाचं तयार मिश्रण, असा तोडगा निघाला. दर्शनी खोलीत वावर जास्त, हे आधीच सांगते, म्हणजे तुलना अगदी समान नाही.

पहिले चार महिने पीयूचेच. येणारा प्रत्येक जण तिथेच कौतुक करायचा; तेलाची खोली म्हणजे शेजारची गरीब बहीण. मग पाऊस लागला. भिंतीवर आर्द्रतेचा छोटा मापक टांगलाय, जुलैत तो ९०च्या खाली उतरायला तयार नव्हता. खिडकीतून झड आत यायची तिथे पीयूच्या पापुद्र्याखाली पाणी शिरलं आणि वीतभर पांढुरका चट्टा उठला. दाराशी तर वाळूने बारीक चरे पाडलेत. किनाऱ्यावरच्या वाळूतला गारगोटीचा कण कुठल्याही पॉलिशपेक्षा टणक, त्यापुढे आरसा किती टिकणार? आणि पीयूला ठिगळ लागत नाही. तेवढाच तुकडा घासून पुन्हा मारला तर कडा दिसतेच, म्हणजे सगळी खोली घासा.

तेलाच्या खोलीत काही बिघडलं नाही असं नाही. लोखंडी खाटेच्या पायाखाली ओल साचून काळाकुट्ट गोल डाग पडला. लाकडातला तुरट अंश आणि लोखंड यांचं हे जुनं वैर. हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं (विषारी असतं, मुलं-मांजरं लांब), स्वच्छ पुसून वाळवलं, हलका पॉलिशपेपर फिरवला आणि वर चमचाभर तेल चोळलं. तासाभराचं काम. आता जागा शोधावी लागते. खाटेच्या पायांना जाड नमद्याचे तुकडे चिकटवलेत.

साधं कच्चं जवसाचं तेल स्वस्त पडतं म्हणून एका कोपऱ्यात करून पाहिलं होतं. ते आठवडाभर चिकटच राहिलं आणि पावसात त्यावर बुरशी धरली. आपल्या हवेत हा प्रयोग करू नका. आणखी एक, जे कोणी आधी सांगितलं नाही: तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकायचा नाही. तेल वाळताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पडवीत फेकलेला आमचा बोळा हाताला चांगलाच गरम लागला, तेव्हा विश्वास बसला. चिंध्या पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर मोकळ्या पसरा.

फटींवरून मी स्वतः मूर्खपणा केला. थंडीत फळ्या आकसल्या, मिलीमीटरभर फटी दिसायला लागल्या. केर अडकतो म्हणून आतल्या खोलीतल्या तीन फटींत भुसा नि गोंद भरला. आता पावसात फळ्या फुगल्या की त्या हा भरलेला भुसा बाहेर ढकलणार, असं सुतारदादा हसत सांगून गेलेत. फट ही लाकडाची श्वास घ्यायची जागा. भिंतीकडेला १२ मिलीमीटर सोडलेत तेही त्याचसाठी. भरलेलं आता सुरीने उकरतेय.

रोजची निगा फार थोडी आहे, पण घरातल्यांच्या गळी उतरवणं अवघड. सासूबाईंचं म्हणणं, "जमीन पुसल्याशिवाय दिवा कसा लावायचा?" त्यांची बादली आणि फिनेल माडीवर यायचं थांबवायला दोन महिने लागले. आता रोज मऊ कुंचा, आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेला सुती पंचा, आणि खिडकीजवळ जरा जास्त वेळा, कारण खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. जिन्याखाली काथ्याचं पायपुसणं, वर सुती. पाय धुऊनच वर जायचं ही आजेसासूबाईंची जुनी शिस्त परत आणली. फक्त आता धुऊन कोरडेही करायचे.

तेलाला दोन हातांत दीड लिटर लागलं. वास चार दिवस होता. दाराजवळचा भाग निस्तेज झाला तेव्हा डिसेंबरात तेवढाच परत चोळला, शिवण दिसत नाही.

तळमजल्यावर लाकूड घालू का, असं दोन-तीन जणांनी विचारलं. माझं मत विचाराल तर, नको. माडीला खालून ओटीची हवा मिळते, जमिनीलगत खालून ओल चढते आणि वाळवीला आमंत्रण. तिथे लादी बरी.

दर्शनी खोलीचं पीयू घासून तिथेही तेल लावायचं ठरलंय. सुतारदादा म्हणतात शिमगा होऊ दे, मग बघू. शिमग्यानंतर ते आंब्याच्या पेट्यांत अडकतात, हे मला माहीत आहे. आणि पाऊस लागला की तेल वाळायचं नाही. म्हणून पॉलिशपेपर मीच आणून ठेवलाय.