पुण्यातला नवा लॅपटॉप की जर्मनीतला वापरलेला थिंकपॅड: दोन्ही वापरल्यानंतर

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी व्हिसाच्या खालोखाल ज्या प्रश्नावर सर्वाधिक चर्चा होते, तो म्हणजे लॅपटॉप इथूनच घेऊन जायचा की तिकडे पोहोचल्यावर घ्यायचा. मी दोन्ही केले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पुण्यातून नवा लॅपटॉप घेऊन मी जर्मनीतल्या श्टुटगार्टला मेकॅनिकलच्या एम.एस्सी.साठी आलो आणि बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, इथल्या एका रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त करून विकलेल्या, संगणकांच्या दुकानातून लेनोव्होचा थिंकपॅड टी१४ ऑनलाइन मागवला. हे परीक्षण प्रामुख्याने त्या थिंकपॅडचे आहे, परंतु तो का घ्यावा लागला हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहील.

पुण्यात घेतलेला लॅपटॉप ७८ हजारांचा होता आणि चालायला उत्तम होता. निघण्यापूर्वी आम्ही प्रोसेसर, रॅम, वजन, बॅटरी या सगळ्याची बारकाईने तुलना केली. वॉरंटी एक वर्षाची आहे एवढे बिलावर पाहिले. ती कोणत्या देशात चालते, हे मात्र ना मी विचारले, ना दुकानदाराने आपणहून सांगितले. अकराव्या महिन्यात त्याचे चार्जिंग बंद पडले. कंपनीच्या इथल्या सेवा केंद्राने सीरियल नंबर पाहिला आणि ही वॉरंटी फक्त भारतापुरती असल्याचे नम्रपणे कळवले. खासगी दुरुस्तीवाल्याने मदरबोर्डचे काम म्हणून २४० युरो सांगितले. पुण्याला जाणारा मित्र मिळाला तो थेट डिसेंबरात, आणि तोपर्यंत भारतातली वॉरंटीही संपली होती. म्हणून आता मला कोणी विचारले, तर मी किंमत कुठे कमी आहे याआधी यंत्र बिघडले तर ते कुठे दुरुस्त होणार आहे, हे विचारतो.

किमतीतला फरक समजतो तितका मोठा नसतो. भारतात लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, जर्मनीत मूल्यवर्धित कर १९ टक्के आहे आणि विद्यार्थ्यांसाठीच्या सवलती दोन्हीकडे मिळतात. खरा फरक कायद्यात आहे. जर्मनीत विकलेल्या नव्या वस्तूतील मूळ दोषासाठी विक्रेता दोन वर्षे जबाबदार असतो. कंपनीची वॉरंटी याहून वेगळी आणि असलीच तर वरची. वापरलेल्या मालासाठी हा काळ विक्रेत्याला ग्राहकाला स्पष्ट सांगून एक वर्षापर्यंत आणता येतो. माझ्या दुकानाने तसे केले होते आणि ते मागणी नोंदवतानाच वेगळे लिहून दाखवले होते. शिवाय पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळी नव्हता हे सहसा विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. ऑनलाइन खरेदी असेल, तर कारण न देता १४ दिवसांत परत करता येते. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला या तीन गोष्टी पाच-सात हजार रुपयांच्या बचतीपेक्षा कितीतरी मोलाच्या वाटतात.

आता यंत्राविषयी. टी१४ ची ही पहिली पिढी २०२० सालची. रायझन प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी एवढ्यासाठी मी ४४० युरो दिले. झाकणाच्या कडेला दोन ओरखडे होते आणि स्पेसबारचा मधला भाग वापराने चकचकीत झाला होता. बाकी यंत्र स्वच्छ होते. बॅटरी मूळ क्षमतेच्या ८१ टक्क्यांवर होती, त्यामुळे वर्गात साडेचार तास निघतात, पूर्ण दिवस निघत नाही. पडद्याचे रंग फिके आहेत आणि खिडकीजवळ बसल्यास तो अंधुक वाटतो. या दोन्ही उणिवा मला रोज जाणवतात. मात्र यूएसबी-सी चार्जर कुठलाही पुरेशा वॅटचा चालतो, रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे, आणि कंपनीचे दुरुस्तीचे सचित्र पुस्तक कोणालाही मोफत मिळते. पंख्यातली धूळ मी त्यातली चित्रे पाहत स्वतः काढली. अभ्यासक्रमातल्या सॉलिडवर्क्स या यंत्ररचनेच्या सॉफ्टवेअरमधल्या मध्यम आकाराच्या जोडण्या (असेंब्ली) तो पेलतो. जड सिम्युलेशन मी विद्यापीठाच्या संगणक कक्षातच करतो.

कीबोर्डबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिकडे लॅपटॉप घेणारे बहुतेकजण याच गोष्टीवर अडखळतात. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात आणि प्रोग्रामिंगला सतत लागणारे महिरपी व चौकोनी कंस उजव्या ऑल्टसोबत सात ते शून्य या आकड्यांवर असतात. विंडोजमध्ये अमेरिकन मांडणी निवडली की अक्षरे आपल्या सवयीच्या जागी येतात, परंतु कळा शेवटी जर्मन घडणीच्याच राहतात. डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या उजवीकडे एक जादा कळ असते. घाईत डावी करंगळी शिफ्टऐवजी त्या कळेवर पडते आणि मोठ्या अक्षराऐवजी उलटी तिरकी रेघ उमटते. पहिले दोन आठवडे माझ्या प्रत्येक ई-मेलमध्ये अशा तीन-चार रेघा सापडत होत्या. आता करंगळी शिकली आहे. ज्यांना कीबोर्डकडे पाहूनच टाइप करायची सवय आहे, त्यांना मात्र हा त्रास फार काळ होईल.

भारतातून नेलेल्या लॅपटॉपच्या विजेची काळजी कोणी करू नये. दोन्हीकडे २३० व्होल्टच आहेत. फक्त आपली जाड तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून अ‍ॅडॉप्टर नेला होता, तो सैल बसायचा. त्यापेक्षा चार्जरच्या ठोकळ्यापर्यंतची वायर तिकडे थोड्या युरोंत बदलून घेणे बरे.

तिकडे पोहोचून घेण्यातली खरी अडचण पैशांची आहे आणि ती घरातून निघतानाच ओळखली पाहिजे. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या खात्यातले, पैसे एकदम काढता येत नाहीत; सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार वर्षाचे ११,९०४ युरो महिना ९९२ याप्रमाणेच मिळतात, आणि त्यातच भाडे, आरोग्य विमा आणि जेवण बसवायचे असते. लॅपटॉपचे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवलेले नसतील, तर पहिल्याच महिन्यात ओढाताण होते. शैक्षणिक कर्जातून संगणक घ्यायचा असल्यास बँकेला बिल काय स्वरूपात लागेल, हेही आधी विचारून घ्यावे.

माझ्यापुरता निर्णय स्पष्ट आहे. घरी चालता लॅपटॉप असेल, तर तोच हातातल्या बॅगेतून न्यावा, पहिले एक-दोन महिने त्यावर काढावेत, विभागात कोणती सॉफ्टवेअर लागतात ते पाहावे आणि मग तिकडे घ्यावा. थिंकपॅडला मी पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण पडद्याचा आहे.

परंतु येत्या ऑक्टोबरात आखेनला निघालेल्या माझ्या मावसबहिणीला मी नेमका उलट सल्ला दिला आहे. तिचा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीच्या इंटेलचा आहे. तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तिला दिवसभर कोड लिहायचा आहे, म्हणून भारतातला कीबोर्ड हवा, आणि जाण्यापूर्वीचे जर्मनचे वर्गही ऑनलाइन आहेत. तिने पुण्यातच घ्यावा, मात्र जर्मनीत चालणारी आंतरराष्ट्रीय वॉरंटी त्या विशिष्ट मॉडेलला आहे, असे कंपनीकडून ई-मेलवर लेखी आल्यावरच. मावशीने परवा दुकानात तोच प्रश्न पहिला विचारला. दुकानदाराने दाखवलेल्या तीन मॉडेलांपैकी एकालाच ती वॉरंटी होती, आणि ते सर्वांत महाग नव्हते.