प्रोजेक्ट सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन: घ्यावा का, आणि घेतला तर किती मशिनवर?

प्रोजेक्टचं वेळापत्रक आणि माणसांची वाटणी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा, प्रोजेक्ट ऑनलाइन, ३० सप्टेंबर २०२६ ला बंद होतेय. त्याआधीच, १४ जुलै २०२६ ला, तेच काम स्वतःच्या सर्व्हरवर करणाऱ्या प्रोजेक्ट सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट संपतो. त्यामुळे चाकण-तळेगावच्या कारखान्यांपासून हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांपर्यंत सगळ्यांपुढे प्रश्न आहे, की स्वतःच्या सर्व्हरवरची सबस्क्रिप्शन एडिशन घ्यायची का. डिझाइन, टूलरूम, असेंब्ली अशा विभागांतली माणसं एकाच रिसोर्स पूलमधून (सामाईक यादीतून) वाटून द्यायची असतील आणि डेटा आवाराबाहेर जाऊ द्यायचा नसेल, तर जरूर घ्यावी. एका खात्यातली दहा-बारा माणसं आणि चार प्रोजेक्ट असतील, तर या वाटेला जाऊ नका. सांभाळायलाच एक माणूस लागेल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की हवी. प्रोजेक्ट सर्व्हरला स्वतःचा वेगळा इन्स्टॉलर नाही. आधी शेअरपॉइंट सर्व्हरचा (ऑफिसातल्या साइट आणि फाइलींसाठीचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) फार्म, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशिनचा गट, उभा करायचा, मग पॉवरशेलमधून (विंडोजची आदेश द्यायची खिडकी) प्रोजेक्टच्या परवान्याची की द्यायची, मग पीडब्ल्यूए (प्रोजेक्ट वेब ॲप) साइट बनवायची, जिथे सगळे ब्राउझरमधून काम करतात. म्हणून तक्रार ‘प्रोजेक्ट उघडत नाही’ अशी आली, तरी दुखणं बहुतेक वेळा फार्ममध्ये सापडतं.

मशिनचं गणित असं. एखादं मशिन बंद पडलं तरी काम चालू राहायला हवं असेल, तर शेअरपॉइंटची चार मशिन लागतात: दोन ‘फ्रंट-एंड विथ डिस्ट्रिब्युटेड कॅश’ आणि दोन ‘ॲप्लिकेशन विथ सर्च’. शिवाय डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हरची दोन, ऑलवेज ऑनमध्ये जोडलेली, म्हणजे एक पडलं तर दुसरं काम घेतं. शेअरपॉइंटच्या प्रत्येक मशिनला किमान ४ कोअर, १६ जीबी रॅम आणि सिस्टिम ड्राइव्हवर ८० जीबी जागा द्या, आणि रॅमच्या दुप्पट मोकळी जागा कायम राखून ठेवा. व्हर्च्युअल मशिन असेल तर डायनॅमिक मेमरी बंदच पाहिजे. डिस्ट्रिब्युटेड कॅश (लॉगिनसारखी तात्पुरती माहिती रॅममध्ये ठेवणारी सेवा) मशिनच्या एकूण रॅमच्या १० टक्के जागा धरून बसतो. खालून रॅम कमी-जास्त होत राहिली, तर त्याचा हिशेब चुकतो.

एसक्यूएलच्या इन्स्टन्सवर मॅक्सडॉप (एक क्वेरी किती कोअर वापरेल तो आकडा) १ ठेवणं सक्तीचं आहे. डेटाबेस सांभाळणारा माणूस नवा असेल तर ‘सगळे कोअर वापरू या’ म्हणून तो आकडा हमखास वाढवतो, त्याला आधीच सांगून ठेवा. फार्म जोडताना एसक्यूएलचं खरं नाव देऊ नका, प्रत्येक मशिनवर एकच एलियस (टोपणनाव) करा आणि तोच द्या. उद्या डेटाबेस नव्या मशिनवर न्यायची वेळ आली, तर फक्त एलियस बदलावा लागेल.

पुण्यात एक विचारणा हमखास होते: अर्धा फार्म पुण्यात आणि अर्धा मुंबईत ठेवला तर? नाही चालणार. फार्ममधल्या मशिनदरम्यान एका दिशेचा वेळ १ मिलिसेकंदाच्या आत आणि बँडविड्थ किमान १ गिगाबिट हवी, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरलं तरी पाऊण मिलिसेकंद केबलमध्येच जातो. प्रत्यक्ष केबल त्याहून लांबून फिरते आणि वाटेतल्या स्विच-राउटरचा वेळ वेगळाच. तेव्हा मुंबईत आपत्तीसाठी वेगळा, पूर्ण फार्म उभा करा आणि कंटेंट डेटाबेस (साइट आणि प्रोजेक्टचा डेटा) तिकडे असिंक्रोनस, म्हणजे थोडा मागून, पाठवा. कॉन्फिग डेटाबेस (फार्मच्या मांडणीची नोंद) असा पाठवता येत नाही, तो तिकडचा स्वतःचाच हवा. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, पण त्याच्या दोन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये) मशिन वाटायची असतील तरी आधी वेळ मोजून घ्या.

आता रोजच्या दुखण्यांकडे. सगळ्यात जास्त जीव खातो तो क्यू, म्हणजे सर्व्हरवरची कामांची रांग. प्लॅनर प्रोजेक्ट पब्लिश करतो, पट्टी पुढे सरकत नाही, तो पुन्हा पब्लिश दाबतो, मग पुन्हा. पीडब्ल्यूएच्या सेटिंग्जमधून ‘मॅनेज क्यू जॉब्स’ उघडलं, की एका जॉबसमोर ‘फेल्ड अँड ब्लॉकिंग कोरिलेशन’ लिहिलेलं दिसतं आणि त्याखाली त्याच प्रोजेक्टचे बाकीचे जॉब रांगेत अडकलेले असतात. पहिला अडला की मागचे सरकणार नाहीत, हे मुद्दामच तसं केलंय, कारण अर्धवट सेव्ह झालेल्या प्रोजेक्टवर पुढचा बदल चढला तर डेटा बिघडेल. तो जॉब लगेच रद्द करू नका. आधी एररवर क्लिक करून कोरिलेशन आयडी (लॉगमध्ये तो एरर शोधायचा ओळख क्रमांक) उतरवून घ्या. मग ‘मर्ज-एसपीलॉगफाइल’ हा आदेश त्या आयडीसह चालवा. सगळ्या मशिनचे लॉग एका फाइलमध्ये येतात, चार मशिनवर चार वेळा शोधाशोध करावी लागत नाही. कारण कळलं, की मगच अडवणारा जॉब रद्द करा. आणि प्रोजेक्ट ‘चेक-आउट’ अवस्थेत (कुणाच्या तरी नावावर बदलांसाठी उघडा) अडकला असेल, तर ‘फोर्स चेक-इन’ करण्याआधी ज्याच्या नावावर तो आहे त्याला फोन करा. त्याच्या लॅपटॉपच्या लोकल कॅशमध्ये दिवसभराचं काम पडलेलं असू शकतं.

दुसरं दुखणं: एका मशिनवर सेटिंग बदललेली दिसते, दुसऱ्यावर जुनीच. इथे टायमर सर्व्हिसचा (शेअरपॉइंटची ठरावीक कामं मागे चालवणारी) कॉन्फिग कॅश, म्हणजे सेटिंगची त्या मशिनवरची प्रत, शिळा झालेला असतो. सगळ्या मशिनवर टायमर सर्व्हिस थांबवा. प्रोग्रॅमडेटामधल्या शेअरपॉइंटच्या कॉन्फिग फोल्डरात लांबलचक आयडीच्या नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या फक्त एक्सएमएल फाइल काढा. कॅश डॉट आयएनआय ही फाइल ठेवायची, तिच्यातला आकडा बदलून १ करायचा, मग टायमर चालू करायचा. घाईत अख्खं फोल्डर उडवलं तर नवं दुखणं मागे लागतं.

आणखी एक फसवं लक्षण आहे. सर्व्हरवर बसूनच साइट उघडली, की पासवर्ड तीनदा विचारला जातो आणि ४०१ (परवानगी नाही) हा एरर येतो, पण बाहेरच्या लॅपटॉपवर सगळं ठीक. हा मशिनने स्वतःलाच केलेलं लॉगिन अडवणारा विंडोजचा लूपबॅक चेक आहे, परवानग्यांना हात लावू नका. रजिस्ट्रीत ‘बॅककनेक्शनहोस्टनेम्स’मध्ये साइटचं नाव घाला.

गुरुवारी महावितरणची देखभाल असते, त्या दिवशी जनरेटरवर भरवसा नसेल तर मशिन क्रमाने बंद करा. कॅशच्या मशिनवर आधी ‘ग्रेसफुल’ पर्याय देऊन कॅश थांबवायचा, म्हणजे लॉगिनचे टोकन दुसऱ्या मशिनवर जातात. पूर्ण फार्म उतरवायचा असेल तर टोकन जाणारच, सर्वांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, तसं आधी कळवा. चालू करताना पहिला डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर), मग एसक्यूएल, मग शेअरपॉइंट. घड्याळंही बघा, पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर कर्बरोस (ओळख तपासणारी यंत्रणा) दारातूनच परत पाठवतो. कॅशच्या दोन मशिनना एकमेकांचा पिंग लागत नसेल, किंवा २२२३३ ते २२२३६ हे पोर्ट फायरवॉलने अडवले असतील, तर दुसरं मशिन क्लस्टरमध्ये येतच नाही.

पॅच दर महिन्याला येतात आणि ते टाळू नका. जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंटवर ‘टूलशेल’ नावाने हल्ले झाले, तेव्हा पॅच टाकून भागत नव्हतं. मशिन-की (साइट वापरते ती गुप्त की) बदलून प्रत्येक सर्व्हरवर आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) पुन्हा सुरू करावा लागत होता. पॅचची फाइल चालवल्यावर प्रत्येक मशिनवर कॉन्फिगरेशन विझार्डही चालवावाच लागतो. तो राहिला तर सेंट्रल ॲडमिनमध्ये (फार्म सांभाळायच्या साइटवर) ‘अपग्रेड रिक्वायर्ड’ दिसत राहतं.

कौतुकाची गोष्ट रिपोर्टिंगची. २०१६ पासून प्रोजेक्टचा डेटा कंटेंट डेटाबेसमध्येच असतो, त्यातल्या ‘पीजेरेप’ स्कीमावर (रिपोर्टसाठीच्या टेबलांचा गट) पॉवर बीआय हे रिपोर्ट बनवायचं साधन थेट लावता येतं. आठवड्याचा लोड-चार्ट हातानं बनवायची गरज राहत नाही. मात्र प्रत्येक पीडब्ल्यूएला स्वतंत्र कंटेंट डेटाबेस द्या, म्हणजे एका प्लांटचा डेटा रिस्टोअर करताना दुसऱ्याचा हलत नाही.

कोटेशन मागवताना ओळी मोजा: शेअरपॉइंट सर्व्हर, त्याचे स्टँडर्ड आणि एंटरप्राइज दोन्ही कॅल (क्लायंट ॲक्सेस लायसन्स, वापरणाऱ्यांसाठीचे परवाने), प्रोजेक्ट सर्व्हर, त्याचे कॅल, एसक्यूएल, विंडोज सर्व्हर. आणि प्लॅनरसाठी प्रोजेक्ट प्रोफेशनल. प्रोजेक्टची स्टँडर्ड आवृत्ती स्वस्त पडते म्हणून कोटेशनमध्ये शिरते, पण ती सर्व्हरला जोडताच येत नाही.