अहिंसेचं शिबिर, तेही कोल्हापुरात: ८०० रुपये वसूल झाले का?

बायकोनं परस्पर माझं नाव घातलं म्हणून गेलो, नायतर शनिवार-रविवार असल्या ठिकाणी घालवणारा माणूस मी नव्हे. रोजच्या जगण्यात अहिंसा असं दोन दिवसांचं शिबिर, राजारामपुरीत, माणशी ८०० रुपये जेवण धरून. मला वाटलेलं चरखा, भजन आणि गांधीजींवर भाषण असणार, तर तसलं काहीच नव्हतं. मार्शल रोझेनबर्ग म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, २०१५ ला गेला, त्यानं १९६० च्या दशकापासून बसवत आणलेली 'अहिंसक संवाद' म्हणजे समोरच्याला न दुखावता बोलायची पद्धत शिकवतात. आधी काय दिसलं, मग काय वाटलं, मग आपली गरज काय आणि शेवटी विनंती, बास चारच पायऱ्या. पण करायला घेतलं की घाम फुटतो राव.

मी माझं गाऱ्हाणं मांडलं, की शेजारी कायम मुद्दाम बुलेट आमच्या गेटसमोर आडवी लावतो. शिकवणाऱ्या मॅडमनी तिथंच थांबवलं, म्हणाल्या कायम म्हणजे किती वेळा, आणि मुद्दाम हे तुम्हाला दिसलं कुठं? मोजलं तर आठवड्यात तीनदा निघालं. मुद्दाम वगैरे सगळं माझ्याच डोक्यातलं. आणि समोरच्यानं नाही म्हटल्यावर आपण भडकलो तर ती विनंती नव्हतीच, हुकूम होता, हे तर माझ्या बायकोनं मान डोलावून डोलावून ऐकलं.

आता तक्रार. एक तास उशिरा सुरू, ते चालतंय, पण हातात दिलेले कागद! "जेव्हा मी पाहतो की आपले वाहन माझ्या प्रवेशद्वारासमोर आहे तेव्हा मला अस्वस्थता जाणवते." असं आमच्या गल्लीत बोललो तर शेजारी कपाळाला हात लावून ताप बघंल. वर हातात जिराफाची बाहुली घालून बोलायचं, का तर जिराफाचं काळीज मोठं, म्हणून त्यांची खूण जिराफ. चाळिशीतली माणसं बाहुल्या घालून बसलीत, मला हसू आवरेना.

पण रविवारी दुपारी दोन पेठांची फुटबॉलवाली पोरं आणून समोरासमोर बसवली तिथं खरी मजा. कागद बघून कोण बोलंना. मग एकानं कागद ठेवला खाली आणि म्हणाला, "मॅच झाल्यावर आमच्या दारात माळ लावलासा, आजी आत आजारी हुती, माझं टाळकंच फिरलं. जरा शांतता पायजे हुती रं तिला. पुढल्या टायमाला चौकात लावा की." चारी पायऱ्या आल्या की ओ ह्यात! समोरचा जरा वेळ गप्प, मग खाली बघत म्हणाला, "आजीचं म्हाईत नव्हतं गा." मॅडमनी ते कागद फाडून असलंच लिहून घ्यावं पुढच्या वेळी, मग मी १२०० पण देईन.

पाचात साडेतीन स्टार. रागीट माणसानं जोडीनं जावं, एकट्यानं जाऊन घरी उपदेश करू नये.

सोमवारी सकाळी बुलेट होतीच. म्हटलं, "भावा, आठवड्यात तिसऱ्यांदा आडवी हाय बघ, पोराची व्हॅन चुकती आणि माझी नुसती घालमेल हुती, जरा भिंतीकडनं घे की." घेतली. बुधवारी परत आडवी. पण ह्या वेळी किल्ली आमच्या गेटच्या कडीला अडकवून गेलता.