ईआर अँटिबॉडीच्या नावाखाली झालेली फसवणूक

नाशिकमध्ये शरणपूर रोडवर माझी हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे शरीरातील ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची, प्रयोगशाळा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणारे प्रथिन), म्हणजेच ईआर, आहे की नाही हे आम्ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने तपासतो. या पद्धतीत अँटिबॉडी ईआरला जाऊन चिकटते; ईआर असेल तर पेशीचे केंद्रक तपकिरी दिसते, नसेल तर निळे राहते. या तपासणीचा सगळा भार ज्या इवल्याशा कुपीवर असतो ती ईआरची अँटिबॉडीच एका विक्रेत्याने आम्हाला बनावट विकली. मालेगाव आणि धुळ्याकडच्या प्रयोगशाळांनाही असाच स्वस्त माल दाखवला जात असल्याचे कानावर आल्यामुळे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

हा गृहस्थ गोळे कॉलनीतील ओळखीच्या औषध व्यापाऱ्यांची नावे घेत आला. एसपी-१ क्लोनची, म्हणजे ईआर अँटिबॉडीच्या एका ठराविक प्रकाराची, कुपी अधिकृत वितरकाकडून यायला बराच काळ लागत होता, शिवाय तिची किंमतही चढी होती. हा मात्र तीच कुपी जवळपास दोन तृतीयांश किमतीत आठवडाभरात देतो म्हणाला. आम्ही आधी नमुना मागितला. त्याने दिलेल्या नमुन्याने टॉन्सिल आणि गर्भाशयमुख या दोन्ही कंट्रोल ऊतींवर (कसा रंग यायला हवा हे आधीच माहीत असलेल्या ऊतींवर) निर्दोष रंग दिला, आणि त्या भरवशावर मागणी नोंदवली गेली. नमुना अस्सल द्यायचा आणि मागणीचा माल बनावट पाठवायचा, हीच या फसवणुकीची खरी रीत आहे.

मागणीची कुपी आली तेव्हा आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे रुग्णांचे अहवाल देण्याआधी नव्या लॉटची (उत्पादनाच्या तुकडीची) तपासणी लावली. गर्भाशयमुखाच्या ऊतीत स्तंभाकार पेशींची आणि खालच्या स्ट्रोमाची (आधार देणाऱ्या ऊतीची) केंद्रके गडद तपकिरी दिसायला हवी होती. तिथे जेमतेम पुसटशी छटा होती. टॉन्सिलमधील जर्मिनल सेंटर या पेशीसमूहांत ज्या विखुरलेल्या पेशी रंगतात, त्या तर पूर्ण निळ्याच राहिल्या. त्याच रनमध्ये सुरगाणा तालुक्यातील एका महिलेच्या गाठीची स्लाइडही होती. गाठीच्या पेशी निळ्या होत्या, पण त्याच काचेवर शेजारी असलेल्या निरोगी दुग्धनलिकांमध्येही एकही तपकिरी केंद्रक नव्हते. निरोगी नलिकांतील काही पेशी तरी रंगायलाच हव्यात. त्या रंगल्या नाहीत, तर गाठीला निगेटिव्ह म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पॅथॉलॉजिस्टला उरत नाही.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर तयार होते: "मॅडम, तुमचं रिट्रीव्हल नीट होत नसेल, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर गाठ फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडली असेल." (रिट्रीव्हल म्हणजे अँटिबॉडी चिकटावी म्हणून ऊतीवर आधी केली जाणारी प्रक्रिया.) ही कारणे पूर्णपणे काल्पनिक नसतात, म्हणूनच ती ऐकून अनेक जण गप्प बसतात. गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावी आणि तिथे ६ ते ७२ तास राहावी, असा दंडक आहे आणि तो मोडला तर ईआर खरोखरच फिका येतो. परंतु त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर), त्याच यंत्रात प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर हा दुसरा रिसेप्टर त्याच्या वेगळ्या अँटिबॉडीने उत्तम रंगला होता. जुन्या कुपीच्या तळाशी उरलेले थेंब वापरून तीच तपासणी पुन्हा केली, तर दोन्ही कंट्रोल आणि त्या महिलेची गाठ सगळेच गडद तपकिरी झाले. दोष कुपीतच होता.

मग कुपीकडे नीट पाहिले. फ्रीजमधल्या ओलाव्याने लेबलचा एक कोपरा सुटला होता. आमच्या तंत्रज्ञ ताईंनी तो चिमट्याने अलगद उचलला, तर खाली दुसरे लेबल आणि उलटून गेलेली मुदत दिसली. लॉट क्रमांक मूळ उत्पादकाला कळवला. तो क्रमांक भलत्याच अँटिबॉडीचा असल्याचे उत्तर आले. बिलावर 'लॅब केमिकल' एवढेच लिहिले होते, क्लोन नाही, लॉट नाही.

हा प्रश्न केवळ गेलेल्या पैशांचा असता तर मी इतके लिहिले नसते. गाठीतील १ टक्का पेशींची केंद्रके जरी रंगली तरी ईआर पॉझिटिव्ह मानला जातो. २०२० पासूनच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' असे वेगळे नोंदवतात. कमकुवत अँटिबॉडी नेमक्या याच स्त्रियांना निगेटिव्ह ठरवते, आणि निगेटिव्ह अहवाल गेला की टॅमॉक्सिफेनसारखी, किमान पाच वर्षे रोज घ्यायची, आयुष्य वाढवणारी गोळी त्यांना मिळतच नाही. कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळातील ईआर तपासण्या प्रयोगशाळेतील ढिसाळपणामुळे चुकल्या होत्या. तिथे फसवणूक नव्हती, तरीही साडेतीनशेहून अधिक रुग्णांचे निकाल चुकीचे निघाले आणि चौकशी आयोग नेमावा लागला.

म्हणून माल घेताना विक्रेत्याकडे एमडी-४२ ही विक्रीची नोंदणी आणि आयात मालासाठी एमडी-१५ या आयात परवान्याची प्रत मागावी; २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली ही कागदपत्रे असतात आणि प्रामाणिक विक्रेता ती लगेच देतो. 'केवळ संशोधनासाठी' असा शिक्का असलेली कुपी रुग्णांच्या अहवालासाठी मुळीच वापरू नये. पैसे देण्यापूर्वी लॉट क्रमांक थेट उत्पादकाकडून तपासून घ्यावा, विक्रेत्याने दिलेल्या दूरध्वनीवरून नव्हे. नमुना पास झाला तरी आलेल्या प्रत्येक लॉटची आपल्याच कंट्रोल ऊतींवर स्वतंत्र तपासणी करावी.

आम्ही कुपी, तिची दोन्ही लेबले आणि स्लाइड जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. ज्यांनी अलीकडे अशा स्वस्त कुपीवर ईआर निगेटिव्हचे अहवाल दिले असतील, त्यांनी ते रुग्ण शोधून काढावेत. गाठीचे पॅराफिन (मेणाचे) ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्यावर तपासणी आजही पुन्हा करता येते.